हातातले मुंडासे

सेवाग्रामची कुटी पाहायला आपल्यापैकी अनेकजण जातात. १९३६ पासून तेथे राहिलेल्या महात्मा गांधींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. १८९३ साली ते वकिलीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले.

डर्बनला त्यांच्याकडे बालसुंदरम नावाचा तमिळ गिरमिटिया मजूर रडत आला. गोऱ्या मालकाने मारून त्याचे पुढचे दोन दात पाडले होते. त्याची हकिगत तमिळ कारकुनाने गांधीजींना समजावून सांगितली. गोऱ्यांपुढे उभे राहायच्या सवयीने बालसुंदरमने मुंडासे काढून हातात धरले होते. गांधीजींनी त्याला ते पुन्हा डोक्याला बांधायला लावले, न्यायाधीशाकडे नेले आणि दुसरा मालक मिळवून दिला.

१८९७ साली नाताळ वसाहतीने कायदा केला : युरोपीय भाषेत अर्ज लिहिता येत नसेल तर प्रवेश नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही गांधीजींनी त्याला विरोध केला. १९१५ साली ते मायदेशी परतले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत त्यांनी मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली.

आपल्याकडेही परप्रांतांतून मजूर कामाला येतात. त्यांच्या मोडक्यातोडक्या मराठीला हसू येईल, तेव्हा बालसुंदरमच्या हातातले मुंडासे आठवू या.