शिष्यवृत्तीचे ऋण

इ. स. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने हे यश मिळविणे त्या काळी इतके दुर्मिळ होते की, त्याच्या सत्कारासाठी सभा भरली. परंतु सत्काराने महाविद्यालयाची फी भरली जात नाही.

वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाले होते. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर मोठे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत असे. भीमरावांनी पुस्तक मागितले आणि हाती पैसा नसला, तर वडील आपल्या विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन मिळताच तो सोडवून आणीत. अशा रीतीने शाळा पार पडली. महाविद्यालयाचा खर्च मात्र याहून मोठा होता. शिवाय ज्या वयात मुलाने चार पैसे मिळवून घराला हातभार लावायचा, त्याच वयात तो शिकत राहणार होता. इंटरची परीक्षा झाली आणि पुढील शिक्षण थांबण्याची वेळ आली.

या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक धावून आले. भीमरावांचा वाचनाचा छंद त्यांनी पूर्वीच हेरला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्यांना साहाय्य करण्याचे जाहीर केले होते. केळुसकर भीमरावांना घेऊन त्यांच्या भेटीस गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले. उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि त्यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. विद्यार्थ्याची गरज आणि योग्यता या दोन्ही गोष्टी पाहून दिलेले हे साहाय्य होते. ते परत करावयाचे नव्हते. त्याच्या बळावर भीमराव १९१२ साली बी. ए. झाले.

पुढील वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. वडील नुकतेच निवर्तले होते. घराचा भार अंगावर होता. या खेपेस साहाय्याला अट होती. शिक्षण पूर्ण होताच दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करावी, असा करारनामा ४ जून १९१३ रोजी झाला. त्याप्रमाणे तीन वर्षांपर्यंत दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते. म्हणजे ही मदत पैशाने नव्हे, तर सेवेने फेडावयाची होती.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमरावांनी रात्रंदिवस अभ्यास केला. मिळणाऱ्या रकमेतून ते घरी पैसे पाठवीत आणि स्वतः काटकसरीने राहत. मात्र जुन्या पुस्तकांच्या दुकानी त्यांचा हात आखडत नसे. १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले.

करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. तेथे परदेशी विद्यापीठात शिकलेल्या या अधिकाऱ्याला राहावयास जागा मिळेना. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद लांबून टाकीत. उतरलेल्या ठिकाणाहून जमावाने त्यांना बाहेर काढले. नाइलाजाने त्यांनी बडोदे सोडले. पैशाची अडचण शिष्यवृत्तीने दूर झाली होती. अस्पृश्यतेची भिंत मात्र तशीच उभी होती.

तरीही अपुरा अभ्यास त्यांना स्वस्थ बसू देईना. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते दरमहा ४५० रुपये पगारावर प्राध्यापक झाले आणि त्यातून पैसे साठवू लागले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी काही मदत केली. नवल भथेना या मित्राकडून त्यांनी ५००० रुपये कर्जाऊ घेतले. ही तिसऱ्या प्रकारची मदत. ती पैशानेच फेडावी लागते. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून, ग्रंथालयात दिवस घालवून त्यांनी बॅरिस्टरची परीक्षा दिली आणि १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी मिळविली.

केळुसकर भेटले नसते तर? महाराज उदार नसते तर? प्रत्येक गरीब मुलाला राजवाड्याच्या दारापर्यंत नेणारा शिक्षक लाभत नाही, हे डॉ. आंबेडकर जाणून होते. म्हणून १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने त्यांच्या नेतृत्वाखाली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री झाले. त्यांनी सरकारपुढे अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाची मागणी मांडली, आणि १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे त्यांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेस मिलिंद ही महाविद्यालये काढली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

ती शिष्यवृत्ती आजही चालू आहे. इतर दुर्बल घटकांसाठीही पुढे तशा योजना निघाल्या. नागपूर जिल्ह्यातील सावनेरच्या एखाद्या शेतमजुराच्या मुलीला नागपूरच्या महाविद्यालयात शिकावयाचे असले, तर ती तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढते, जातीचा दाखला व गुणपत्रिका जोडते आणि अर्ज करते. घरचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल, तर फीचा आणि निर्वाहाचा भार शासन उचलते. तिला कोणा महाराजांची भेट घ्यावी लागत नाही, की घरातील दागिना गहाण टाकावा लागत नाही. भीमरावांना एका राजाच्या कृपेने जे मिळाले, ते तिला नियमाने मिळते. कृपेचा असा नियम करून डॉ. आंबेडकरांनी शिष्यवृत्तीचे ऋण फेडले.