कॅमेरा घडविणारे कलामहर्षी

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आज सीएनसी यंत्राची परीक्षा दोन कसोट्यांवर होते. हत्यार सांगितलेल्या जागी पोहोचते का, ही अचूकता; आणि पुनःपुन्हा त्याच जागी येते का, ही पुनरावृत्तीक्षमता. संगणकाचा मागमूसही नसलेल्या काळात यातील दुसरी कसोटी याच शहरातील एका चित्रकाराने पार केली होती. ते म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. कारागिरी घराण्यातच होती. चुलतबंधू आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, म्हणून दोघांनाही 'पेंटर' हे नाव चिकटले. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला आणि या बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. पण कॅमेरा आणायचा कोठून? तो स्वतःच घडवायचा, असे त्यांनी ठरविले.

चित्रपटाचा कॅमेरा म्हणजे नुसती भिंग बसविलेली पेटी नव्हे. फिल्मच्या कडेच्या छिद्रांत पंजा अडकतो, पट्टी एका चित्राएवढी, सुमारे १९ मिलिमीटर, खाली ओढतो आणि सोडून देतो. पट्टी क्षणभर निश्चल उभी राहते, तेव्हाच प्रकाश आत यायचा. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडे, तेही हाताने मूठ फिरवून! प्रत्येक चित्र सारख्याच अंतराने सरकलेले असेल, तर प्रेक्षकाला काही जाणवत नाही. दाखविणारा चौकट वरखाली करून ते सावरून घेतो. पण एक चित्र थोडे वर, दुसरे थोडे खाली पडले, तर सावरायला जागाच उरत नाही. पडद्यावर दोनशे पटींनी मोठे होताना मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक दोन सेंटिमीटरची होते आणि अवघे दृश्य थरथरू लागते.

हे काम अर्ध्यावर असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. यंत्राची मुख्य उमेद त्यांची होती. दुसरा कोणी असता तर पुन्हा कुंचल्याकडे वळला असता, आणि त्यात गैरही नव्हते. बाबूरावांनी मात्र शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला.

तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाह्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले, की ते पुढे कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. 'सिंहगड', 'सावकारी पाश' हे त्यांचे पुढचे गाजलेले चित्रपट.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आदी शिष्यांनी बाहेर पडून 'प्रभात' काढली. गुरूला हा धक्का मोठा होता. कंपनी फार काळ टिकली नाही. बाबूराव चित्रे आणि पुतळ्यांकडे परतले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.