हंसाच्या पिल्लांची ‘आई’ झालेला शास्त्रज्ञ आणि तुमच्या घरातलं कुत्र्याचं पिल्लू

अंड्यातून बाहेर आलेल्या हंसाच्या पिल्लांना समोर दिसला तो माणूस. झालं, पिल्लं त्यालाच आई समजली आणि रांगेत त्याच्या मागे फिरू लागली. हे होते कॉनराड लॉरेन्झ.

जन्म 1903, व्हिएन्ना. वडील नावाजलेले डॉक्टर, त्यांच्या आग्रहाने मुलगाही डॉक्टरकी शिकला. जीव मात्र रमायचा प्राण्यांत. पिल्लू कुणाला आपलं मानणार, हे अगदी सुरुवातीच्या ठराविक काळात ठरतं, असं त्यांनी 1935 साली मांडलं.

1938 साली ते नाझी पक्षात गेले, त्या विचारांचं लेखनही केलं. 1973 साली नोबेल मिळालं, पण तो डाग पुसला नाही. युद्धात कैद झाले, 1948 साली सुटले. पुढे कुत्र्यांवर पुस्तक लिहिलं. बरेच कुत्रे कोल्ह्यापासून आले, हा त्यातला अंदाज नंतर स्वतःच मागे घेतला. 1989 साली ते गेले.

कुत्र्यांमधला असा काळ अमेरिकेतल्या जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी शोधला. साधारण तिसरा ते बारावा आठवडा. 14 आठवडे माणसांशिवाय वाढलेली पिल्लं माणसाला बिचकायची.

पण तोवर लसीचे सगळे डोस झालेले नसतात आणि पार्वो जीव घेतो. म्हणून पहिल्या डोसनंतर आठवडाभराने पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता, रिक्षा, पाहुणे दाखवायचे. खेळायला लस झालेलेच कुत्रे. भटके कुत्रे फिरतात तिथे खाली सोडायचं नाही. आणि घाबरलं तर ओढत न्यायचं नाही, लांब घेऊन जायचं.