पोर्ट्समथचा मोची जॉन पौंड्स

नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या मंडळ्यांतील लेकरांस शाळेची सुटी लागते. नवा सदरा, गोडधोड, रात्रीची भजने, मंदिरास लावावयाच्या पताका, ह्यांत त्यांची मने रमून जातात. आणि तसे व्हावे हे योग्यच आहे. परंतु ज्याचा जन्मदिवस आपण पाळतो, तो धन्याप्रमाणे नव्हे तर सेवकाप्रमाणे ह्या जगात वागला. म्हणून सुटीतील काही वेळ दुसऱ्यांच्या सेवेत घालवावा, असे आपण मुलांस सांगतो. तेव्हा आमच्याजवळ देण्याजोगे आहे काय, असा प्रश्न गरिबाच्या मुलाच्या मनात सहज उभा राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडातील एका मोच्याने आपल्या आयुष्याने दिले आहे.

जॉन पौंड्स ह्याचा जन्म 1766 साली पोर्ट्समथ ह्या बंदराच्या गावी झाला. त्याचा बाप तेथील सरकारी गोदीत लाकडे कापण्याचे काम करी. जॉन बारा वर्षांचा झाला तेव्हा बापाने त्यास जहाजे बांधण्याचे काम शिकावयास ठेवले. मुलगा अंगाने धडधाकट होता. पुढे चांगला कारागीर होईल अशी सर्वांस आशा होती. परंतु पंधराव्या वर्षी तो एका कोरड्या गोदीत खाली पडला आणि त्याची मांडी मोडली. जीव वाचला, पण तो जन्माचा अधू झाला. जहाजाचे काम सुटले ते कायमचेच.

अशा वेळी पुष्कळ माणसे देवाविरुद्ध कुरकुर करीत बसतात. जॉनने तसे न करता बसून करता येईल असा धंदा शोधला. तो जुने जोडे दुरुस्त करावयास शिकला, आणि सेंट मेरी स्ट्रीट ह्या रस्त्यावरील एका लहानशा लाकडी घरात त्याने आपले दुकान मांडले. ते दुकान इतके अरुंद होते की, दोन माणसे शेजारी बसली तर तिसऱ्याने वाट कोठून काढावी हा प्रश्न पडे. तेथे पक्षी पाळून त्यांस माणसाळविणे एवढाच त्याचा विरंगुळा होता.

पुढे त्याने आपल्या एका पुतण्यास सांभाळावयास घेतले. ह्या लेकराचे पाय जन्मापासून आत वळलेले होते. स्वतः अधू असलेल्या चुलत्यास ते पाहवेना. वैद्याकडील महागडे साधन घेण्याची त्याची ऐपत नव्हती. म्हणून तसे एक साधन पाहून त्याने जुन्या जोड्यांच्या चामड्याचे आपल्या हाताने तयार केले, आणि त्याच्या योगाने मुलाचे पाय हळूहळू सरळ झाले. पुढे त्यास वाचावयास शिकविण्याची वेळ आली, तेव्हा एकट्यापेक्षा सोबती असल्यास मूल लवकर शिकेल, असे जॉनच्या मनात आले. त्याने शेजारच्या एका गरीब बाईच्या मुलास बोलाविले. मग आणखी एक आला, मग आणखी एक. येणेप्रमाणे कोणी ठराव न करता, वर्गणी न जमविता, एका लेकराच्या गरजेतून एक शाळा उभी राहिली. त्या चिमुकल्या दुकानात पुढे एका वेळी चाळीसपर्यंत मुले दाटीवाटीने बसत. त्यांत मुलीही असत.

फी म्हणून त्याने कोणाकडून काही घेतले नाही. ज्यास कोणी जवळ करीत नसे, जो धक्क्यावर उनाडक्या करी, असा मुलगा त्यास विशेष हवा असे. अशा मुलास आणावयास तो खिशात भाजलेला बटाटा घेऊन बाहेर पडे. उपाशी पोरास ऊन बटाट्याचा वास शाळेपर्यंत ओढून आणी. पुस्तके विकत घेण्यास पैसा नव्हता, म्हणून रस्त्यात वाटलेली जाहिरातींची पत्रके व जुन्या पुस्तकांची सुटी पाने हीच वाचनाची साधने होत. हातात आरी व दोरा चालू असे, आणि तोंडाने धडे चालत. वाचणे, पाटीवर लिहिणे व हिशेब ह्यांखेरीज जोडे सांधणे आणि साधा स्वयंपाक करणे हेही तो शिकवी. थंडीने हातपाय फुटले तर तो औषध लावी, आणि लहानांस खेळणी करून देई. रविवारी फाटक्या कपड्यांची लाज वाटून मुले शब्बाथशाळेस जात नसत. म्हणून त्याने चांगले कपडे मागून जमविले. रविवारी मुलांनी ते त्याच्या घरी अंगात घालावे, व संध्याकाळी परत आणून ठेवावे, असा नेम होता.

नाताळाच्या आदल्या दिवशी एक काम तो कधी चुकवीत नसे. मनुके घालून केलेले मोठे गोड पक्वान्न इंग्लंडात नाताळास करतात. त्याचे सामान घेऊन तो आपल्या नात्यातील एका बाईकडे जाई व ते मुलांसाठी तयार करवी. जोड्यांच्या टाक्यांतून जमलेल्या पैशांचे ते सामान असे. 1838 सालचा नाताळ हा त्याचा शेवटचा ठरला. 1839 सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस तो एका विद्यार्थ्यास बरोबर घेऊन एका सद्गृहस्थाकडे गेला असता, बोलता बोलता एकाएकी खाली पडला व गतप्राण झाला. त्याचे वय बहात्तर वर्षांचे होते. मरण म्हणजे काय हे न कळणारी लहान मुले पुढे कित्येक दिवस त्या दुकानाच्या दाराशी येत, आणि आपला म्हातारा दिसत नाही असे पाहून रडत परत जात.

त्याने शेकडो मुलांस शिकविले होते. पण त्याच्या हयातीत पोर्ट्समथबाहेर त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. पुढे स्कॉटलंडातील पाळक टॉमस गथरी ह्याने एका खाणावळीत भिंतीवर टांगलेले एक चित्र पाहिले. त्यात हा मोची दुरुस्तीचा जोडा हाती घेऊन फाटक्या पोरांमध्ये बसलेला होता. एका मोच्याने एवढे केले आणि मी पाळक असून काय केले, ह्या विचाराने गथरीचे मन त्यास खाऊ लागले. आणि 1847 साली त्याने एडिंबरो शहरात निराधार मुलांसाठी शाळा काढली. लंडनात 1844 साली अशा शाळांचा एक संघ स्थापन झाला होता, व थोर परोपकारी लॉर्ड शॅफ्ट्सबरी हा त्याचा अध्यक्ष होता. ह्या शाळांतून हजारो गरीब मुलांस अक्षरओळख झाली.

मुलांनो, जॉन पौंड्सजवळ काय होते ते पाहा. एक मोडलेला पाय, एक आरी, एक अंधारी खोली आणि एक भाजलेला बटाटा. जे नव्हते त्याची वाट पाहत तो बसला नाही. आणि चाळीस मुलांपासून नव्हे, तर घरातल्या एका पांगळ्या लेकरापासून त्याने आरंभ केला. तुम्हांसही तसेच करता येईल. ज्या म्हातारीस विहिरीवर जाववत नाही, तिच्या दारी ह्या सुटीत रोज एक घागर पाणी न्या. ज्यास वाचता येत नाही, त्यास नाताळाची गोष्ट शुभवर्तमानातून वाचून दाखवा. गुरे राखणाऱ्या एखाद्या पोरास पाटी घेऊन बाराखडी शिकवा. आपल्या वाट्याच्या गोडातून एक वाटी ज्याच्या घरी चूल पेटली नाही तेथे पोहोचवा. मात्र ती देताना गाजावाजा करू नका.

आणि आईबापहो, शिक्षकहो, मुले ही सेवा करावयास निघाली म्हणजे त्यांस दारातून मागे ओढू नका. ज्या बाळास उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याचा सण आपण पाळतो. ज्यास कोठेच जागा नाही अशा एका लेकरास आपल्या मुलांनी आपल्याजवळ बसवून घेतले, तर आपला नाताळ खरोखर साजरा झाला असे समजावे.