कवी तेलो मास्कारेन्हस : अकरा वर्षांचा कारावास



आपल्यापैकी अनेक कुटुंबे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला घाट उतरून जुन्या गोव्याला जातात. त्याच गोव्यातील एका कॅथॉलिक कवीची ओळख या रविवारी आम्ही करून देत आहोत. पोर्तुगीज सरकारने त्यांना जवळजवळ अकरा वर्षे तुरुंगात ठेवले. त्यांचा गुन्हा म्हणजे लेखणी.

तेलो मास्कारेन्हस यांचा जन्म १८९९ सालचा. तरुणपणी ते पोर्तुगालला गेले आणि कोइंब्रा विद्यापीठात कायदा शिकले. घरच्यांना वाटले असेल, मुलगा शिकून साहेब होईल. झाले उलटेच. १९२८ मध्ये त्यांनी आदेओदातो बार्रेतो व इतर गोवेकर विद्यार्थ्यांसोबत ‘इंडिया नोव्हा’ म्हणजे ‘नवा भारत’ नावाचे पत्र काढले. रवींद्रनाथ टागोरांचे साहित्य त्यांनी पोर्तुगीजमध्ये आणले. भारत म्हणजे काय, हे पोर्तुगीजांना त्यांच्याच भाषेत सांगण्याची ही खटपट होती. पुढे बरीच वर्षे त्यांनी तिकडेच नोकरी केली.

मध्यंतरी पोर्तुगालमध्ये सालाझार यांची हुकूमशाही आली. वर्तमानपत्राचा मजकूर छापण्यापूर्वी सरकारी माणसाला दाखवावा लागे. गोव्यातही तोच कायदा. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेतली, त्यानंतर धरपकड सुरू झाली आणि त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना तर थेट पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. तेलो मायदेशी परतले ते अशा दिवसांत. गोव्यात लिहिणे शक्य नव्हते म्हणून त्यांनी मुंबई गाठली आणि १९५० मध्ये ‘रेसुर्जे गोवा’ हे पत्र सुरू केले. अर्थ असा की, गोव्या, पुन्हा ऊठ. पास्काच्या पुनरुत्थानाला पोर्तुगीजमध्ये जो शब्द आहे त्याचेही मूळ हेच. नाव ठेवताना हे त्यांच्या मनात नसेल असे आम्हाला वाटत नाही.

पत्र पोर्तुगीज भाषेत होते, आणि सरकारला झोंबले ते नेमके हेच. गोव्याचे ख्रिस्ती लोक मनाने पोर्तुगीजच आहेत, त्यांना भारत नको, असा प्रचार सालाझार जगभर करीत होते. कोणी हिंदू पुढारी विरोधात बोलला तर त्याला परका ठरवता येई. पण बाप्तिस्मा झालेला, कोइंब्रात शिकलेला, त्यांच्याच भाषेत कविता करणारा माणूस आपण भारतीय आहोत असे लिहू लागला, तर त्याला काय म्हणणार? देशद्रोही म्हटले. परक्यांचा धर्म पाळणारे, हा टोमणा आपणही कधीतरी ऐकलेला असतो. तेलोंना तो दोन्ही बाजूंनी सोसावा लागला असेल.

१९५९ मध्ये ते पकडले गेले. वयाची साठी आलेली. त्यांना पोर्तुगालला नेऊन तुरुंगात टाकण्यात आले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा तेलो कोठडीत होते. ज्यासाठी आयुष्य वेचले ते घडले, आणि सुटका मात्र नाही! भारताने पकडलेले हजारो पोर्तुगीज सैनिक १९६२ मध्ये मायदेशी पाठवून दिले. पण पोर्तुगालने गोव्याची मुक्ती मान्यच केली नव्हती. त्यांच्या कायद्याने गोवा अजून त्यांचाच होता आणि तेलो त्यांचे गुन्हेगार. दोन्ही देशांत बोलणी करायला राजदूतसुद्धा नव्हते. आपल्या सांगलीचे मोहन रानडे हेही तिकडेच काशियाशच्या किल्ल्यात होते. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल युखारिस्त परिषदेसाठी मुंबईला आले, तेव्हा सालाझार सरकारने उघड नाराजी दाखवली होती. १९६८ मध्ये तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोप महोदयांना भेटले व त्यांनी रानड्यांसाठी शब्द टाकला, असे सांगतात. रानडे जानेवारी १९६९ मध्ये सुटले. तेलोंना १९७० पर्यंत थांबावे लागले. तोवर सत्तरी उलटली होती.

तुरुंगातल्या दिवसांतून आलेला कवितासंग्रह १९७१ मध्ये निघाला. त्याच्या नावात आधी निराशा आहे आणि नंतर सांत्वन. दाविदाची स्तोत्रे ज्यांच्या नित्य वाचनात आहेत, त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. १९७३ मध्ये गोव्यावरील कवितांचा आणखी एक संग्रह आला, तोही पोर्तुगीजमध्येच. गोव्यात ती भाषा वाचणारे आता झपाट्याने कमी होत होते. ज्या भाषेपायी छळ सोसला तिच्यात वाचकच उरू नयेत, हे दुःख तुरुंगापेक्षा लहान नसावे.

३१ डिसेंबर १९७४ रोजी पोर्तुगालने करार करून गोवा भारताचा असल्याचे मान्य केले. हे पाहायला तेलो हयात होते. आपली जीवनकथा त्यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केली, १९७६ मध्ये. तिचे नाव आहे ‘आंब्यांना मोहोर आला तेव्हा’. १९७९ साली ते देवाघरी गेले.