लुई पाश्चर ह्यांचें चरित्र

ह्या महोत्सवप्रसंगीं परमेश्वराचे आभार मानीत असतां, ज्यांच्या श्रमांमुळें आमचीं मुलेंबाळें वांचलीं, त्यांपैकीं एका महात्म्याचें आम्ही स्मरण करितों.

लुई पाश्चर ह्यांचा जन्म फ्रान्समधील दोल गांवीं २७ डिसेंबर १८२२ रोजीं, कातडीं कमावणाऱ्या एका कॅथॉलिक कुटुंबांत झाला. रसायनशास्त्राचे अध्यापक झाल्यावर पदार्थ कां नासतात, ह्याचा त्यांनीं शोध आरंभिला. उकळलेला रस वांकड्या मानेच्या कांचपात्रांत ठेविला, तर तो नासत नाहीं. मान मोडून धूळ आंत शिरतांच नासूं लागतो. ह्यावरून सूक्ष्म जंतु आपोआप उपजत नसून बाहेरून येतात, हें त्यांनीं सिद्ध केलें.

त्याच काळांत त्यांच्या घरावर दुःखाचे आघात झाले. १८५९ ते १८६६ ह्या अवधींत त्यांच्या तीन कन्या वारल्या. पैकीं दोघी विषमज्वरानें. १८६८ सालीं पक्षाघातानें त्यांचें डावें अंग लुळें पडलें. तरीही त्यांनीं कार्य सोडिलें नाहीं. १८८१ सालीं त्यांनीं कांहीं मेंढरांस काळपुळीची लस टोंचली व कांहीं तशींच ठेविलीं. पुढें सर्वांच्या अंगांत रोगजंतु घातले, तेव्हां लस न टोंचलेलीं मेलीं व टोंचलेलीं त्या रोगांतून वांचलीं.

जुलै १८८५ मध्यें पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या जोसेफ मायस्टर नामक नऊ वर्षांच्या मुलास घेऊन त्याची आई पाश्चरांच्या दारीं आली. लस टोंचावी, तर ती कुत्र्यांवरच पारखलेली. न टोंचावी, तर मरण बहुधा अटळ. पाश्चर स्वतः वैद्य नव्हते. त्यांनीं वैद्याकरवीं लस टोंचविली. मूल वांचलें. १८८८ सालीं पॅरिस येथें त्यांच्या नांवाची संस्था उघडली. २८ सप्टेंबर १८९५ रोजीं ते निवर्तले. त्यांचा अंत्यविधि नोत्र दाम मंदिरांत झाला.

त्याच संस्थेंत काम केलेले हाफकिन ह्यांनीं जानेवारी १८९७ मध्यें मुंबईंत प्लेगची लस सिद्ध करून प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच प्लेगच्या दिवसांत वांद्रें येथील भाविकांनीं ठिकठिकाणीं क्रूस उभारिले. क्रूसापुढील प्रार्थना व वैद्याची लस ह्यांत आम्हांस विरोध दिसत नाहीं. बुद्धि ही देखील देवाचीच देणगी होय. म्हणून आपल्या लेंकरांस वेळेवर लस टोंचून घेणें, पाणी उकळून पिणें व रोग्याची शुश्रूषा करणें, हेंही शेजारप्रीतीचेंच कृत्य आहे, असें आम्ही समजतों.