हुरमुजान : अहवाजचा इराणी सुभेदार

वाचकहो, इस्लामच्या उदयकाळाचा इतिहास वाचताना आपली नजर साहजिकच विजेत्यांकडे जाते. खलीफा, सेनापती आणि थोर सहाबी यांची नावे आपणांस तोंडपाठ असतात. परंतु त्यांच्यासमोर जे हरले, त्यांच्यापैकी काहींची चरित्रेही तितकीच बोधप्रद आहेत. हुरमुजान हा असाच एक पुरुष. त्याचा जीव एकदा दिलेल्या शब्दाने वाचला आणि पुढे नुसत्या संशयाने गेला. या दोन प्रसंगांसाठी तरी त्याची ओळख आपण करून घ्यावी.

हुरमुजान सासानी साम्राज्यातील एका थोर सरदार घराण्यात जन्मला. इराणच्या नैर्ऋत्येस, कारून नदीच्या पाण्यावर पोसलेला खुजिस्तान हा सुपीक प्रांत त्याच्या ताब्यात होता. अहवाज हे त्यातील प्रमुख शहर. इ. स. ६३६ च्या सुमारास कादिसियाची लढाई झाली, तेव्हा इराणी फौजेतील एका फळीचे नेतृत्व त्याच्याकडे होते. सरसेनापती रुस्तम त्या लढाईत पडला आणि फौजेची दाणादाण झाली. हुरमुजान आपल्या प्रांतात परतला व तेथून त्याने झुंज चालू ठेवली. अरब फौजांपुढे त्याने खंडणी कबूल करून तह केले, संधी मिळताच ते मोडले आणि पुन्हा शस्त्र उचलले.

अखेरचा सामना शुश्तर येथे झाला. ज्या शहराची प्राचीन जलव्यवस्था २००९ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाली, तेच हे शुश्तर. नदी, कालवे आणि भक्कम तट यांच्या आधाराने शहराने दीर्घकाळ वेढा सोसला. बसऱ्याचे सुभेदार हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) वेढा घालून बसले होते. शेवटी शहरातीलच एका माणसाने पाण्याच्या वाटेने आत शिरण्याचा मार्ग दाखविला आणि इ. स. ६४२ च्या सुमारास शहर पडले. हुरमुजान बालेकिल्ल्यात शिरला. आपला निवाडा स्वतः खलीफांनी करावा, या अटीवर तो शरण आला. या वेढ्यात हजरत बरा बिन मालिक (रजि.) आणि मजज़ा बिन सौर हे दोन नामांकित वीर त्याच्या हातून मारले गेले होते, हे आपण ध्यानात ठेवावे.

कैद्याला मदिनेस नेण्याची कामगिरी हजरत अनस बिन मालिक (रजि.) आणि अहनफ बिन कैस यांच्यावर सोपविली गेली. रणात पडलेले हजरत बरा हे याच हजरत अनस यांचे भाऊ! शहरात शिरण्यापूर्वी हुरमुजानला त्याचा रेशमी पोशाख व रत्नजडित मुकुट चढविण्यात आला. मंडळी खलीफांचा शोध घेत मशिदीत आली, तो हजरत उमर (रजि.) तेथे एकटेच झोपलेले. पहारेकरी कोठे, चोपदार कोठे, असे हुरमुजानने विचारले. असे कोणी नाहीच, हे उत्तर ऐकून सासानी दरबारात वाढलेला तो सरदार थक्क झाला.

जागे झाल्यावर हजरत उमर यांनी आधी त्याचा तो थाट उतरवून साधे कपडे घालावयास लावले, मग वारंवार तह मोडल्याचा जाब विचारला. हुरमुजानने पिण्यास पाणी मागितले. प्याला हाती येताच त्याचा हात कापू लागला. पाणी पितानाच आपली मान उडविली जाईल, ही भीती त्याने बोलून दाखविली. ते पाणी पिऊन होईपर्यंत तुला धोका नाही, असे खलीफांनी सांगितले. त्यासरशी त्याने प्याला उपडा केला. पाणी सांडले होते, आता ते कधीच प्यायले जाणार नव्हते!

ही सरळसरळ युक्ती होती. हजरत उमर संतापले. आपण अमान दिलेलीच नाही, असे ते म्हणाले. तेव्हा बोलले ते हजरत अनस. भावाचे रक्त ज्याने सांडले, तोच समोर उभा होता. गप्प बसले असते तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु खलीफांच्या तोंडून निघालेले शब्द म्हणजे अमानच होय, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. इतरांनीही त्यांस दुजोरा दिला आणि खलीफांनी आपला शब्द पाळला. हुरमुजानने इस्लाम स्वीकारला. त्याला मदिनेत घर आणि सालीना दोन हजार दिरहमांचा तनखा मिळाला. पुढे इराणच्या मोहिमांबाबत खलीफा त्याचा सल्लाही घेत असत.

इ. स. ६४४ च्या नोव्हेंबरात फजरच्या नमाजात फीरोज ऊर्फ अबू लुलू या इराणी गुलामाने हजरत उमर यांच्यावर खंजिराने वार केले. मारेकऱ्याने नंतर स्वतःचाही प्राण घेतला. अशातच एकाने सांगितले, की फीरोज, हुरमुजान आणि हिऱ्याचा ख्रिस्ती जुफैना या तिघांना आपण एकत्र कुजबुजताना पाहिले होते व त्यांच्यामधून दुधारी खंजीर खाली पडला होता. खलीफांचे पुत्र उबैदुल्लाह यांना तेवढे पुरे झाले. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही. त्यांनी हुरमुजानला ठार केले, जुफैनाला ठार केले आणि मारेकऱ्याच्या लहान मुलीलाही सोडले नाही. मृत्युशय्येवरील पित्याने मात्र, एका रिवायतीनुसार, पुत्राकडून पुरावा मागावा आणि तो नसेल तर त्याच्यावर किसास लागू करावा, असे बजावले होते.

नवे खलीफा हजरत उस्मान (रजि.) यांच्यापुढे आलेला हा पहिलाच बिकट निवाडा. हजरत अली (रजि.) यांचे मत किसासचे होते. काल पिता मारला गेला, आज पुत्रालाही मारावयाचे काय, असा दुसरा पक्ष होता. हजरत उस्मान यांनी दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, स्वतःच्या मालमत्तेतून देऊन प्रकरण मिटविले. हुरमुजानच्या पुत्राने क्षमा केली, असेही एक कथन आहे. तरीही हा निकाल अनेकांना सलत राहिला. उबैदुल्लाह पुढे इ. स. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या रणात मारले गेले.

वाचकहो, या चरित्रात सुडाचे दोन हक्कदार आपणांस भेटतात. एकाचा भाऊ गेला होता, दुसऱ्याचा पिता. दुःख दोघांचेही खरे होते. एकाने शत्रूच्या बाजूने खरी साक्ष दिली. दुसऱ्याने ऐकीव गोष्टीवर तलवार उपसली आणि एका अजाण मुलीचाही बळी घेतला. आपल्या मुलांना आपण इतिहास शिकवितो तो कोण जिंकला एवढेच सांगण्यासाठी नव्हे. संताप अनावर झालेला असतानाही आधी पुरावा मागावा, ही सवय त्यांना जडली, तर हुरमुजानची कहाणी त्यांनी वाचल्याचे सार्थक झाले, असे आपण समजावे.